नवशिक्यांची बॅच

दीपश्रीनं पेन्सिलीच्या टोकानं संजीवचं तिसरं बोट अलगद उचललं आणि गिटारच्या पाचव्या तारेवर नेऊन ठेवलं.

"आता वाजवा, काका. सावकाश."

संजीवनं उजवा हात तारांवरून खाली आणला. बाकीच्या तारा वाजल्या, पाचवी नुसतीच खरखरली. बोट जागेवर होतं, पण शेजारची करंगळी आत तळहाताकडं वळायला लागली होती आणि तिच्यामागोमाग तेही निघालं होतं. संजीवनं दात आवळून ते धरून ठेवायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही.

"झोपतंय तुमचं बोट," दीपश्री म्हणाली. "नवीन असताना सगळ्यांचंच झोपतं. सवय झाली की येईल बघा."

"येईल की," संजीव म्हणाला. तिच्या तेवढ्या चार शब्दांसाठी तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी हुबळीहून धारवाडला येत होता. ते ऐकले की त्याला पुढचे तीन-चार दिवस पुरत.

सुभाष रोडवर भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर दीपश्रीचा क्लास होता. बेंगळूरला शिकून परत आलेली सत्तावीस वर्षांची मुलगी. बोलायला गोड, शिकवायला कडक. संध्याकाळी पाचची बॅच मोठ्यांची. त्यात तिघंच होते. पोस्टातून निवृत्त झालेल्या अंबूताई, कोर्टातून परस्पर काळ्या कोटातच येणारे वकील नागेश, आणि संजीव. तिघंही नवशिके, असं दीपश्री समजत होती.

वास्तविक या चोपन्न वर्षांच्या नवशिक्यानं अठ्ठावीस वर्षं हुबळीच्या नवतारा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली होती. लग्नं, गणपती, जत्रा, कामगारांचे मेळावे, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. दिवसा तो कोप्पीकर रोडवरच्या भावाच्या चष्म्याच्या दुकानात बसायचा, पण लोक चष्म्यासाठी कमी आणि "परवा काय वाजवलात हो!" म्हणायला जास्त यायचे. हुबळीत गिटार शिकायला जातो म्हणून सांगायची सोयच नव्हती. शिवाय हुबळीकर एकदा चौकशीला लागले की पिच्छा सोडत नाहीत. म्हणून धारवाड.

पहिल्या दिवशी दीपश्रीनं विचारलं होतं, "यापूर्वी कधी गिटार हातात धरली होती का, काका?"

"नाही," संजीवनं सांगितलं होतं. हुबळी-धारवाडच्या चिगरी बसमध्ये नवनगरपासून तो हाच एक शब्द मनात घोळवत आला होता, तरी तोंडातून निघताना तो अडखळलाच.

करंगळी पहिल्यांदा आत वळली ती तीन वर्षांपूर्वी, अळणावर गावातल्या एका लग्नात. दमलो असेन, म्हणून त्यानं सोडून दिलं. मग पुढचं वर्षभर त्यानं ती लपवली. अवघड जागा की-बोर्डवाल्याकडं सरकवायच्या, गिटारला क्लिप लावून सोपे कॉर्ड धरायचे, आणि ध्रुवपदाला इतकं हसायचं की लोकांनी बोटांकडं बघूच नये. अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाचा एवढा उपयोग झाला. मग तिसरं बोटही गेलं, आणि हसून भागेना.

डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, "बोटांना काही झालेलं नाही. डोकं आणि बोटं यांचं एकमेकांशी बोलणं बंद झालंय. जन्मभर तेच तेच काम केलेल्या हातांना होतं असं. यावर गोळी नाही. एकच करून बघता येईल. कधीच वाजवलं नाही असं समजून पहिल्यापासून शिका, अगदी पहिल्या धड्यापासून. काहीजणांचा हात येतो परत. बहुतेकांचा येत नाही."

संजीवनं त्यातलं शेवटचं वाक्य तिथंच दवाखान्यात सोडलं आणि बाकीचं घरी आणलं.

"त्या पोरीला फसवून शिकणार होय?" त्याची बायको इंदुमती म्हणाली होती. "खरं सांगून शिकवत नाही का कोणी?"

"फसवत कुठं आहे? मला येत नाही आता. हे खरंच आहे की."

इंदुमतीनं त्याची जुनी गिटार पुसून कपाटावर ठेवली आणि तो बाजारातून आणलेली साधी गिटार खांद्याला लावून निघाला. त्याच्या बोटांच्या टोकांवरचे घट्टे वर्षभर न वाजवल्यामुळं गळून पडले होते. नव्या तारा कोवळ्या कातडीत रुतायच्या, तेव्हा दुखायचं, आणि त्या दुखण्याचा त्याला मनापासून आनंद व्हायचा. सोळाव्या वर्षीसुद्धा असंच दुखलं होतं, आणि त्यानंतर सगळं आलं होतं.

पण खरा आनंद निराळाच होता. हुबळीत त्याचा हात म्हणजे गेलेला हात होता. ऑर्केस्ट्रातली माणसं त्या हाताकडं बघून चटकन नजर दुसरीकडं वळवायची, आजारी माणसाच्या खोलीतून बाहेर पडताना वळवतात तशी. धारवाडला, या माडीवर, तोच हात नुसता कच्चा होता. इथं तार खरखरली तर ती चूक होती, आणि चूक सुधारते. दीपश्री पेन्सिल घेऊन यायची, रागवायची, बोट उचलून ठेवायची. "काका, अंगठा मागं. काका, मनगट मोडू नका. काका, परत." दिवाळीपर्यंत हात येईल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या महिन्यात एकदा सी कॉर्ड सगळ्या तारांसकट स्वच्छ वाजला, तेव्हा दीपश्रीनं टाळी वाजवली आणि नागेशना म्हणाली, "बघा, याला म्हणतात मेहनत." त्या दिवशी बसमध्ये संजीव डावा हात उजव्या हातात घेऊन बसला होता.

दर शुक्रवारी शेवटची पंधरा मिनिटं गाण्याची. एकानं गायचं, बाकीच्यांनी साथ करायची. त्या शुक्रवारी अंबूताईंची पाळी होती.

"एक भजन म्हणते," अंबूताईंनी गिटार बाजूला ठेवून पदर सारखा केला. "माझ्या आईचं आहे. चुकलं तर हसू नका बघा."

"सी, एफ आणि जी," दीपश्रीनं संजीव आणि नागेशना बजावलं. "तीनच कॉर्ड. सी वर सुरू, सी वर शेवट."

अंबूताईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज थकलेला होता, पण त्यात जीव होता. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्या कडव्यात आईची आठवण आली असावी. आवाज भरून आला आणि पट्टी हळूच अर्ध्या सुरानं वर चढली. अंबूताईंना पत्ताच नव्हता. गिटारी खालच्याच पट्टीत राहिल्या. नागेशांनी बावचळून हात थांबवला. दीपश्रीनंही थांबा म्हणायला हात वर केला.

संजीव थांबला नाही. ऑर्केस्ट्रात गाणारा चढला तर गिटारवाल्यानं त्याच्याबरोबर चढायचं, तो उतरला तर उतरायचं, आणि मांडवातल्या कोणालाही ते कळता कामा नये. हे काम त्याच्या हातानं हजारो वेळा केलं होतं. विचार करायला वेळच नव्हता आणि त्यानं केलाही नाही. पहिलं बोट दांडीवरच्या चौथ्या फ्रेटवर आडवं पडलं, बाकीची तीन सहाव्यात जाऊन बसली, आणि अंबूताईंच्या सुराखाली साथ येऊन उभी राहिली. सगळ्या तारा वाजत होत्या. कॉर्ड बदलला, पुन्हा बदलला, मध्ये एक छोटी जागाही निघाली. खालच्या दुकानातला भांड्यांचा आवाज थांबला, की तसं वाटलं कोणास ठाऊक. दोन ओळी, पुऱ्या दोन ओळी, संजीवचा हात त्याचा होता.

मग त्याच्या ते लक्षात आलं. त्यानं बोटांकडं पाहिलं, आणि पाहताक्षणी करंगळी आत वळली, तिच्यामागून तिसरं बोट वळलं, आणि गिटारमधून नुसती खरखर निघाली.

अंबूताईंनी डोळे उघडले. "काय झालं? मी चुकले होय?"

"नाही, नाही," नागेश म्हणाले. ते संजीवकडं बघत होते. "संजीवराव, अहो, हे काय होतं?"

घाम पुसायला म्हणून संजीवनं रुमाल काढला आणि तो डाव्या हाताभोवती गुंडाळला.

अंबूताई आणि नागेश जिना उतरून गेले, तरी दीपश्री खिडकीपाशी तशीच उभी होती.

"कुठं वाजवत होता?" तिनं विचारलं.

"नवतारात. अठ्ठावीस वर्षं."

"आणि मी तुम्हाला सी कसा धरायचा ते शिकवत होते." तिचा चेहरा लाल झाला. "पेन्सिलीनं. अय्यो, काय म्हणत असाल तुम्ही मनात!"

"मनात काही म्हणत नव्हतो, मॅडम. शिकत होतो."

त्यानं मग सगळं सांगितलं. करंगळीचं, डॉक्टरांचं, 'काहीजणांचा येतो' तेही. सोडून आलेलं शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं नाही. पण दीपश्री हुशार होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यावरून तिला ते समजलं असणार.

"आज दोन ओळी आला की हात," संजीव घाईघाईनं म्हणाला. "तुम्ही ऐकलात. म्हणजे आहे कुठंतरी. मला फक्त पूर्वीसारखं शिकवा. चुकलो की सांगा. रागवा."

"हो," दीपश्री म्हणाली. "सांगेन की."

"नक्की?"

"नक्की, सर."

काका गेला आणि सर आला, ते जिना उतरताना त्याला टोचलं. तोंडातून निघालं असेल, म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. त्या शनिवारी, रविवारी, सोमवारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो ते दोन ओळींचे कॉर्ड काउंटरखाली, गुडघ्यावर धरून बघत होता. गुडघ्यावर बोटं शहाण्यासारखी वागत होती.

मंगळवारी तो पाचच्या आधीच पोचला. माडीवर तीन खुर्च्या एका ओळीत असायच्या. आज दोनच होत्या. तिसरी दीपश्रीनं स्वतःच्या खुर्चीशेजारी, बाकीच्यांकडं तोंड करून मांडली होती. तिच्यावर उशीही होती.

"या सर, इथं बसा."

"मी तिथंच बसतो की, अंबूताईंच्या शेजारी."

"असं कसं? इथंच बसायचं तुम्ही."

नागेश कोटाची बटणं लावून उठून उभे राहिले आणि संजीव बसल्यावर बसले. अंबूताईंनी मात्र नेहमीसारखं "आलात? बरं झालं," म्हटलं आणि आपल्या तारा लावायला घेतल्या.

धडा तोच होता. सी धरायचा, चार मात्रा, एफ, चार मात्रा. दीपश्री पेन्सिल घेऊन फिरायला लागली. "वकीलसाहेब, अंगठा मागं. अंबूताई, मनगट." संजीवनं सी धरला. करंगळी वळली. तिसरं बोट निघालं. हात खाली आला आणि पाचवी तार खरखरली, चांगली मोठ्यानं, खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

दीपश्रीनं त्याच्या बोटांकडं पाहिलं. त्यानं वाट बघितली. डावा हात त्यानं थोडा पुढंसुद्धा केला, तिला उचलायला सोपं जावं म्हणून.

"छान," ती म्हणाली आणि नागेशकडं वळली.

तो पुन्हा वाजवायला लागला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी अंबूताईंनी मान वर केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो संजीवराव, तुमची ती वरची तार वाजेना झालीय बघा. बोट झोपलंय तुमचं."

संजीवच्या चेहऱ्यावर हसू आलं. तो काहीतरी बोलणार होता.

"अंबूताई," दीपश्री हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही तुमचं बघा."

अंबूताई ओशाळल्या आणि मान खाली घालून आपला सी शोधायला लागल्या.