कडीवरचा पंचा

परळच्या त्या चाळीत दाराच्या कडीला पंचा लटकला, की सगळा मजला समजून जायचा: आत रातपाळीचा माणूस झोपलाय. गिरण्या होत्या तेव्हापासूनची ही रीत. गिरण्या गेल्या, तिथे टॉवर उभे राहिले, आणि त्यातल्याच एकाच्या लिफ्ट आणि पाण्याचे पंप गुणाजी रात्रभर सांभाळायला लागला; पंचा मात्र कडीवरून उतरला नाही. गुणाजीला त्याचा भारी अभिमान. आमच्याकडे दुपारी टाचणी पडली तरी ऐकू येते, असं तो कामावर चारचौघांना ऐकवायचा. घरात दहावीतली पोर असताना एवढी शांतता कुठून येते, हा प्रश्न काही त्याला कधी पडला नाही.

पोर म्हणजे अक्षदा. शाळा सकाळची. ती दुपारी घरी यायची तेव्हा बाप झोपलेला, आणि आई रुपाली हॉस्पिटलात आया, तिची पाळी दर आठवड्याला वेगळी.

परवा शाळेतून बाईंनी रुपालीला बोलावून घेतलं. मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, तोंडी परीक्षेतसुद्धा नाही, डबा तसाच परत नेते. समुपदेशकाकडे घेऊन जा, आई-वडील दोघंही या.

गुणाजी उसळलाच. "माझी पोर शांत आहे. शांत असणं हा आजार कधीपासून झाला? कुठे न्यायची नाही तिला."

"अहो, शांत वेगळं नि गप्प वेगळं," रुपाली म्हणाली. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाढेच्या ठणक्याने त्याला जाग आली. उठायचा कंटाळा, म्हणून तो डोळे किलकिले करून तसाच पडून राहिला. तेवढ्यात अक्षदा आली.

ती आली हे त्याला दिसलं, ऐकू आलं नाही. कुरकुरणारं दार तिने जरासं वर उचलून लावलं. दप्तराची चेन इतकी सावकाश उघडली, की तिचा एकेक दात मोजता आला असता. भात हाताने वाढून घेतला, कारण चमचा टोपाला लागला असता. पेला तिरका धरून पाणी काठावरून आत सोडलं. आणि पापड? पापड तिने तोंडात धरून भिजू दिला, मग चावला.

गुणाजी थक्क झाला. पंपांच्या मोटारींना तेलपाणी करण्यात त्याची हयात गेली होती, पण इतकं बिनआवाजी काही चालताना त्याने पाहिलं नव्हतं. आपल्या एका झोपेसाठी ही पोर हे सगळं कधी शिकली? त्याला भरून आलं. वाटलं, उठावं आणि तिची पाठ थोपटावी.

चार घास खाऊन अक्षदाने ताट झाकलं. कपाट आणि भिंतीच्या मधल्या सांदीत जाऊन बसली. ओढणीची नीट चौकोनी घडी केली, ती तोंडात कोंबली आणि रडायला लागली. खांदे गदगदत होते, डोळ्यांना धार लागली होती, आणि आवाज म्हणून नाही. जसा पापड, तसंच हे. हातांना सवय होती त्याची.

गुणाजी धडपडत उठला, कोपर मांडणीला लागलं आणि स्टीलची परात खाली आली. खणखणत, गिरक्या घेत ती घरभर फिरली.

अक्षदा दचकून उठली. ओढणी तोंडातून काढली, ओठांवर बोट ठेवलं आणि समोर उभ्या बापालाच कुजबुजत म्हणाली,

"शू! बाबा झोपलेत."

परात थांबली.

"उठलेत," तो कसाबसा म्हणाला. "बाबा उठलेत गं."

शेजारून कौसल्याकाकूची हाक आली, "काय पडला गो?"

त्याने दार सताड उघडलं, कडीवरचा पंचा ओढून काढला आणि खांद्यावर टाकला. "काय नाय, काकू. पडू दे." मग पोरीकडे वळला. "आपण जाऊया त्या समुपदेशकाकडे. मी पण येतो. आणि आता... रड तू. मोठ्याने रड."

अक्षदाने आधी उघड्या दाराकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरच्या पंच्याकडे. मग तिने हंबरडा फोडला. तो पार खालच्या अंगणापर्यंत गेला.

आपल्या पोरीचा रडण्याचा आवाज कसा आहे, हे ती पाळण्यातून उतरल्यापासून गुणाजी आज पहिल्यांदा ऐकत होता.