कुंकवाशेजारचा लाल ठिपका

मी सेफ्टी. पिस्तुलाच्या डाव्या कुशीला, अंगठा सहज पोचेल अशा जागी बसवलेला नखाएवढा लोखंडी खटका. सध्या एका पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत, लाखेचं सील ठोकलेल्या डब्यात पडून बोलतोय. एका चांगल्या माणसाचा जीव गेला आणि त्याचा आळ एका बाईच्या बोटावर आला. ती बाई निर्दोष आहे, हे मला माहीत आहे. पण खटक्याची साक्ष कोण घेतो?

माझा जन्म सरकारी कारखान्यातला. एका कारागिरानं कानशीनं माझ्या कडा घासल्या, मला वर-खाली केलं, कान लावून 'टक्' ऐकलं आणि मान डोलावली. काम सोपं होतं. मी वर असलो की चाप कितीही ओढा, गोळी सुटत नाही. मी खाली आलो की माझ्यामागे दडलेला लाल ठिपका उघडा पडतो. लाल दिसलं की जपा, एवढंच मला बोलता येतं.

निघोज्याच्या रंगरावांनी परवाना काढून आम्हाला घरी आणलं. त्यांच्या शिवारात कंपन्या उभ्या राहिल्या तसे ते भंगाराचे ठेकेदार झाले. ठेक्यापाठोपाठ वैर आलं, वैरापाठोपाठ पिस्तूल. माणूस वाईट नव्हता हो. फक्त चारचौघांत आपला रुबाब राहावा, याची त्यांना फार काळजी.

पहिल्याच आठवड्यात त्यांचे मेहुणे अर्जुनराव देहूरोडहून आले. फौजेतले निवृत्त हवालदार. त्यांनी पिस्तूल सतरंजीवर ठेवलं आणि शाळेतल्या गुरुजींसारखे बोलू लागले.

"दाजी, बाळगायच्या तऱ्हा तीन. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, गोळीच नाही, ही पहिली. गोळी आहे पण तिच्यावर आपटणारा मागचा घोडा पाडलेला, ही दुसरी. गोळी आत, घोडा उठलेला आणि सगळी मदार सेफ्टीवर, ही तिसरी. तिसरी रोज सराव करणाऱ्या जवानाची. तुम्ही पहिली सोडू नका. आणि मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजू नका. चेंबरातली गोळी आतच राहते."

स्वयंपाकघराच्या दारातून शालनबाई, रंगरावांच्या पत्नी, म्हणाल्या, "दादा, घरात हे रिकामंच पायजे. कुणाचा तरी जीव जाईल न्हाईतर. यांच्याकडून वदवून घे."

रंगरावांनी शब्द दिला आणि बरेच दिवस पाळलाही. मला तेव्हा काहीच काम नव्हतं. तेच माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते, हे आता कळतं.

मग एकदा चाकण रस्त्यावरच्या ढाब्यावर दोस्तमंडळी जमली. कुणीतरी विचारलं आणि रंगराव बोलून गेले की चेंबर रिकामं असतं. झालं! "राव, मग बुजगावण्याला फेटा बांधून फिरताय की!" सगळे खो खो हसले. रंगरावही हसले, पण त्यांचा कान लाल झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चेंबरात गोळी चढवली, घोडा उठलेला तसाच ठेवला आणि मला वर सरकवलं. तिसरी तऱ्हा.

तेव्हापासून सगळा भार माझ्या एवढ्याशा अंगावर आला. रोज ते घरी आले की शालनबाई विचारायच्या, "रिकामं हाय न्हवं?" आणि रंगराव बूट काढता काढता म्हणायचे, "सेफ्टी हाय की." प्रश्न एक, उत्तर भलतंच. माणसाची ही सवय मी जवळून पाहिली आहे. दाराला कुलूप लावलं की तो दाराकडे बघायचंच सोडतो.

खंडेनवमी आली. त्या घरी हत्यारांची पूजा असायची. पाटावर कोयता, कुऱ्हाड, गाडीच्या किल्ल्या मांडल्या. रंगरावांनी मॅगझिन काढलं आणि फडक्यानं पिस्तूल पुसायला घेतलं. माझ्याखालची धूळ निघावी म्हणून अंगठ्यानं मला खाली ओढलं. तेवढ्यात फोन वाजला. बोलत बोलत त्यांनी पिस्तूल तसंच पाटावर ठेवलं. मी खाली, ठिपका उघडा, गोळी आत.

"रिकामं हाय न्हवं?" शालनबाईंनी विचारलं.

"हे काय, काढलंय की," म्हणत रंगरावांनी मॅगझिन दाखवलं.

बाईंचा चेहरा किती दिवसांनी निवांत झाला. त्यांनी मनापासून हळद वाहिली, कुंकवाचं बोट उमटवलं. ते नेमकं ठिपक्याच्या शेजारी उमटलं.

सोनबा गाडीच्या पूजेसाठी हार घेऊन आला होता. लातूरकडचा, रंगरावांचा जुना ड्रायव्हर, घरचाच झालेला. रंगरावांनी पिस्तूल उचललं, छाती काढली, नळी त्याच्याकडे रोखली. "सोन्या, फोटो काढ. स्टेटसला टाकू."

सोनबानं मोबाईल धरला, चित्र मोठं केलं. "दादा, सेफ्टीपाशी लाल दिसायलंय बरं का."

"आरं, कुंकू हाय ते. तुझ्या वैनीनं लावलंय."

आणि रुबाब पुरा व्हावा म्हणून बोट चापावर गेलं. मी सगळा जोर एकवटला असता तर? पण मला खालून वर माणसाच्या अंगठ्यानंच नेता येतं. मी काहीही करू शकलो नाही.

ज्या गाडीला हार घालायचा होता त्याच गाडीतून सोनबाला दवाखान्यात नेलं. तो वाटेतच गेला.

रंगराव आधी ढसाढसा रडले, ते खोटं नव्हतं. पण ठाण्यात जबाब देताना म्हणाले, "साहेब, बायकोनं कुंकू लावलं. त्यात ठिपका कळलाच न्हाई." वड्याचं तेल वांग्यावर निघालं. वकिलानं तेच उचललं, मग गावानंही. तज्ज्ञांनी मला तपासलं आणि खटका ठीक आहे असं लिहून दिलं. माझी सुटका झाली. बाईंची कोण करणार?

परवा कोर्टात डबा उघडला. समोरच्या बाकावर सोनबाची बायको कस्तुरा बसली होती, भिंतीकडे बघत. शालनबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढं केलं. "व्हय साहेब, मीच लावलं. ह्याच बोटानं." नवरा जिवंत, जामिनावर तिथंच बसलेला, आणि बाईंचं कपाळ कोरं होतं. त्या दिवसापासून त्यांनी कुंकवाच्या करंड्याला हात लावलेला नाही, असं त्यांच्यामागे बसलेल्या बायका कुजबुजत होत्या.

मला पुन्हा सील ठोकलं. आता माझं काय व्हायचं ते होवो, वितळवा नाहीतर गंजू द्या. पण तुमच्यापैकी कुणी निघोज्याला गेलं, तर शालनबाईंना एवढं सांगा. सोनबानं लाल म्हटलं तेव्हा रंगराव मोबाईलकडे बघत मिशी सावरत होते. बाई, त्यांनी खाली माझ्याकडे पाहिलंच नव्हतं.