खोट्या गिऱ्हाइकाची खोली

सांभाळून या, जिन्यात दिवा नाही. इकडेतिकडे काय बघताय? बोलतेय ती मीच, दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. 'ऑफिससाठी जागा भाड्याने मिळेल' अशी पाटी खिडकीत लटकतेय ना, ती माझीच. खुर्ची एकच आहे, पण ती कुणाचीतरी ठेव आहे, तेव्हा उभ्यानेच ऐका.

माझा जन्म घाईगडबडीत झाला. शहर फुगायला लागलं होतं, जो तो ऑफिस थाटत होता. बांधणाऱ्याने चार खोल्यांच्या जागेत पाच खोल्या बसवल्या. पाचवी मी. म्हणून माझा एक कोपरा तिरका आहे. तिथे कपाट लावलं की मागे फट राहते. त्या फटीत मी टाचण्या गिळल्या, पेनांची टोपणं गिळली, एकदा एका साहेबांचा नवाकोरा कंगवा गिळला. साहेबांना पुढे टक्कल पडलं, पण मी काही कंगवा दिला नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर पहिले भाडेकरू शिकवणीचे मास्तर. त्यांच्या जिवावर मी अपूर्णांकांपर्यंत पोचले. दशांश सुरू होणार तोच मास्तरांनी मोठी जागा घेतली. त्यामुळे मी अपूर्णांक शिकून अपूर्णच राहिले.

मग विमावाला आला. हा माणूस इतक्या गोडीने मरणाची भीती घालायचा, की समोरचा सही करून उठताना उलट त्याचेच आभार मानायचा. मला भारी मजा यायची. नेमकी सहीची वेळ झाली की मी खिडकी धाडकन आपटायचे. समोरचा दचकायचा, सही वाकडी व्हायची आणि विमावाला म्हणायचा, "बघा साहेब, आयुष्याचा काही भरवसा आहे का?" म्हणजे माझ्या खोडीचाही धंदा करायचा तो!

पण रस्त्यापलीकडे काचेच्या इमारती उठल्या. तिथे लिफ्ट, थंडगार हवा, दारात सलाम ठोकणारा माणूस. विमावाला तिकडे गेला. मागोमाग शेजारपाजारही गेला. रिकामं राहायची सवय होते म्हणतात ना? थापा आहेत सगळ्या. शेजारच्या मोरीत नळ सुटला तरी मला वाटायचं, कुणीतरी आलं.

आलं कोण, तर दलाल. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, चालला की बैलगाडी आल्यासारखा आवाज. हा दलाल मोठा कलाकार. गिऱ्हाईक जागा बघत उभं राहिलं, की थोड्या वेळाने दार लोटून दुसरं गिऱ्हाईक आत येणार आणि म्हणणार, "अरे, ही जागा मी बघून ठेवलीय!" मग पहिल्याला घाई सुटणार, असा सगळा बेत. हे दुसरं गिऱ्हाईक म्हणजे दलालाचा सख्खा मेहुणा.

मेहुणा आयुष्यभर कापडाच्या दुकानात कामाला होता. ताग्यावर तागे उलगडायचे, आणि 'बघून सांगतो' म्हणत गिऱ्हाईक निघून गेलं की पुन्हा घड्या घालायच्या. ते दुकान बंद पडलं. बायको मुलाकडे परगावी गेली, नातवाला सांभाळायला. हा मागे राहिला. दलाल त्याला कधी डोळ्यांचा डॉक्टर करायचा, कधी वकील. मी मुद्दाम दार अडकवून धरायचे. वकीलसाहेब खांद्याने ढकलत, एक चप्पल बाहेर टाकून आत यायचे. मी पोट धरून हसले असते, पण मला पोटच नाही.

गिऱ्हाइकं काही टिकली नाहीत. जिना बघूनच दमायची. पण मेहुणा मात्र वेळेच्या आधी यायला लागला. एकटाच फिरायचा. "टेबल इथे. पाठ भिंतीकडे, म्हणजे ऊन डोळ्यावर येणार नाही. पाण्याचा माठ तिथे." मी त्याचा आवाज थोडा घुमवून परत द्यायचे. तोही हसायचा. आम्हा दोघांचं बरं चाललं होतं.

तेवढ्यात मालकाने बातमी आणली. शेजारच्या मोठ्या खोलीत व्यायामशाळा आलीय. "महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक आणलंस तर ठीक," तो दलालाला म्हणाला, "नाहीतर मधली भिंत पाडून ही त्यांना देतो. त्यांना आंघोळीची सोय करायचीय."

आंघोळीची! अपूर्णांक शिकलेल्या खोलीत घामट पैलवान साबण लावणार!

आणि शेवटच्या आठवड्यात ती आली. घरांचे नकाशे काढणारी बाई, बोटांना शाई. तिने जिन्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माझा तिरका कोपरा बघून म्हणाली, "इथे नकाशांच्या गुंडाळ्या छान उभ्या राहतील." इतक्या वर्षांत त्या कोपऱ्याला कुणी छान म्हटलं नव्हतं.

"घरी काम होत नाही का, ताई?" दलालाने विचारलं.

"घरी जेवणाच्या टेबलावर बसते. मीठ कुठंय हे विचारायला चार माणसं, आणि मीठ माझ्या समोर!"

ती घेणार होती. माझ्या भिंतीवर तिने हात ठेवला तेव्हाच मला कळलं. दलालाने तेवढ्यावर थांबायचं ना! पण सवय वाईट. त्याने खोकून खूण केली आणि मेहुणा आत आला. आज तो करसल्लागार होता.

"ही जागा मी बघून ठेवलीय," तो म्हणाला. इथवर ठरल्याप्रमाणे. पण बाईचा हात भिंतीवर पाहिला आणि त्याचा आवाज बदलला. "मला ही हवीच आहे हो. सकाळी ऊन इथपर्यंत येतं. घरी दिवसभर बोलायला कुणी नसतं. इथे आलं की निदान आपलाच आवाज परत येतो."

बाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पर्स उचलली. "काका, तुम्हीच घ्या. माझ्यापेक्षा तुम्हाला गरज आहे."

दलाल आपल्याच जाळ्यात अडकला. आता सांगणार काय? की हा माझा मेहुणा आहे आणि आम्ही तुम्हाला बनवत होतो?

मी दार अडकवायला गेले. जन्मात पहिल्यांदा खोडी म्हणून नाही, तर खरंच कुणीतरी राहावं म्हणून. पण मेल्या दलालाने बाईवर छाप पडावी म्हणून सकाळीच बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. दार लोण्यासारखं उघडलं आणि बाई जिना उतरून गेली.

"अहो मेहुणे! घाई लावायला आणलं होतं तुम्हाला, रडवायला नाही!"

"दाजी, निघून गेलं तोंडातून."

"मग जा, आणा तिला परत!"

मेहुणा धावत गेला. मी खिडकीतून बघत होते. फुटपाथवर त्याने तिला गाठलं, उसना चष्मा काढला आणि हात हलवून सगळं खरं सांगितलं. बाई आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला. जिथे जागा दाखवतानाच लबाडी, तिथे कशाला कोण राहील? ती निघून गेली. तो तिथेच उभा राहिला.

महिना संपला. मालकाची माणसं मधल्या भिंतीवर खडूने मोठी फुली मारून गेलीत. उद्या सकाळी फोडायला येणार.

आज मेहुणा पुन्हा आला. डॉक्टर नाही, वकील नाही, नुसता आला. घरून घडीची खुर्ची आणली होती. ज्या जागी टेबल ठरलं होतं तिथे मांडून बसला. ऊन सरकेपर्यंत नातवाच्या गोष्टी सांगत होता. मी एकही खोडी केली नाही. उठताना म्हणाला, "चल, येतो," आणि खुर्ची तशीच ठेवून गेला.

तेव्हा उद्या येणाऱ्या भिंत फोडणाऱ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. घाव घालण्याआधी ती खुर्ची उचला, धूळ बसू देऊ नका, आणि कापडवाल्या मेहुण्याच्या घरी पोचती करा. म्हणावं, खोलीने निरोप दिलाय. तिला भाडेकरू पसंत होता.