पंपातलं औषध

दीपमालाच्या कपाशीची शेंड्याची पानं आठवड्याभरात भेंडीच्या पानांसारखी चिरत गेली. कीड दिसेना. बांधापलीकडे राधाकिशनआबांचा ऊस हिरवागार होता आणि त्यातलं तण मात्र वाळून पडलं होतं.

“आबांचं तणनाशक वाऱ्यानं आपल्यावर आलं,” ती नवऱ्याला, शहादेवला म्हणाली. “आलं न्हाई, आणलं. बांध मोजून घेतला त्याचा राग हाय त्यांना.”

शहादेव मोटर बघायला म्हणून विहिरीकडे निघून गेला. तिला ते खटकलं.

तिसऱ्या दिवशी तिने कृषी सहायक उज्ज्वला मॅडमना बोलावून आणलं. मॅडम सरीसरीने फिरल्या.

“बांधाकडची झाडं चांगली आहेत, विहिरीजवळची सगळ्यात खराब. म्हणजे वाऱ्याने आलेलं नाही. मावा किडीसाठी फवारलं होतं ना, ते कुठून सुरू केलं होतं?”

“विहिरीपासून,” शहादेव म्हणाला.

“फवारणीचा पंप कुणाचा?”

तो घुटमळला. “आबांचा. आमचा बिघडलता.”

दीपमाला त्याच्याकडे बघतच राहिली. हे तिला ठाऊकच नव्हतं.

“मी इचारलतं की, पंपानं काय मारलतं म्हणून. आबा म्हणले, औषध.”

“औषध म्हणजे कीडनाशक की तणनाशक?”

“आमी समद्यालाच औषध म्हणतो, मॅडम.”

“तिथेच घोळ झाला. उसातलं हे तणनाशक रुंद पानांचं तण मारतं. कपाशीचं पानही रुंदच, त्याच्या लेखी तीही तणच. पंपात थोडं राहिलं तरी पुरतं. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. पहिल्या टाकीत ते सगळ्यात जास्त उतरलं, म्हणून विहिरीजवळची झाडं जास्त खराब.”

दीपमाला तशीच आबांच्या दारात गेली.

“आबा, पंपात तणनाशक होतं. सांगितलं कावून न्हाई?”

“औषध हाय म्हणून सांगितलं की, पोरी. दुकानदार बी तेच म्हणतो.”

“पण आमी त्याच पंपानं कपाशीवर मारणार, हे तुमाला ठाव होतं.”

आबांनी पायातला जोडा काढला, झटकला, पुन्हा घातला. “ध्यानातच न्हाई आलं.”

“दोन पाण्यानं धुतलता मी,” आतून त्यांची बायको सत्यभामा म्हणाली. कुणी तिला विचारलं नव्हतं. धुतला कशासाठी, ध्यानातच नव्हतं तर? दीपमालाच्या ओठांवर आलं, पण तिने गिळलं. पंप काय कुणीही धुऊन ठेवतं.

कपाशीला पुढे नवी, नीट पानं फुटली. पहिल्या वेचणीला कापूस निम्माच निघाला.

“चूक झाली असंल त्यांची,” शहादेव म्हणाला.

“असंल. आन् तू पंपाचं माझ्यापासून लपवलं, ती बी चूकच का?”

“तू आबांकडून आणू दिला असता का?”

तिने कापसाचं गाठोडं बांधायला घेतलं. आबांशी तिचं बोलणं सुटलं नाही, पण त्यांच्या घरी तिच्यासाठी चहा ठेवला की तिला नेमकं काहीतरी काम आठवायचं. दुकानात ती आता ‘औषध’ म्हणत नाही. तण मारायचं की कीड, ते आधी सांगते आणि बाटलीवरचं अक्षर न् अक्षर लावून वाचते. शहादेवने आणलेल्या बाटलीवरचंही.