मानसी आणि रायगो

खेळानं सुरुवातीलाच नाव विचारलं आणि तिथंच घोळ झाला. नावाला जागा पाच अक्षरांची, तीही इंग्रजी. सुभेदार मानसिंगनं थरथरत्या अंगठ्यानं एम, ए, एन, एस आणि आय एवढी अक्षरं निवडली, आणि पुढची टाकायच्या आत चौकट भरून खेळ मोकळा झाला. एकोणतीस वर्षं फौजेत काढलेला, मिशीला अजून पीळ देणारा गडी टीव्हीच्या पडद्यावर 'मानसी' झाला. मागं फिरून खोडायची सोय त्या जुन्या खेळात नव्हती. अंबूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी डोळ्याला पदर लावून हसून घेतलं आणि त्या दिवसापासून नवऱ्याला जेवायला हाक मारताना त्या 'मानसीबाईंना बोलवा' म्हणू लागल्या.

पण घोळ तेवढ्यावर थांबला नाही. लगेच दुसरी चौकट आली. खेळात आणखी एक वीर होता. तोही त्याच सात गडांवर निघालेला, तेच सात दिवे आणायला. दिवे सगळे ज्याच्याकडं जातील तो राजा. या दुसऱ्या वीराचं नावही खेळणाऱ्यानंच ठेवायचं होतं. सुनेनं, क्रांतीनं सांगितलं, टाका की मामा कुणाचंबी. मानसिंगनं विचारसुद्धा केला नाही. आर, ए, वाय, जी, ओ. रायगो.

"ह्यो कोण?" क्रांतीनं विचारलं.

"असाच," तो म्हणाला, आणि रिमोट मांडीवर घेऊन बसला.

दिवाळीनंतर मानसिंगच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं होतं. पाय महिन्यात सुधारला, हात मात्र हट्टाला पेटला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. दोन दिवस दाबून मानसिंगनं तो कुत्र्याला दिला. मग कोरेगावात कॉम्प्युटरचे क्लास घेणाऱ्या क्रांतीनं माळ्यावरचा डबा खाली काढला. यशराजचा, तिच्या नवऱ्याचा, शाळेतला गेमचा डबा. त्यात एकच कॅसेट धड राहिली होती. यशराजनं त्या खेळापायी दहावीचे टक्के घालवले होते, तरी सातवा गड त्याला कधी दिसला नाही. आता तो पंजाबात फौजेत नाईक होता आणि फोनवर बापाला सांगत होता, आबा, ह्यो नका खेळू, ह्यो माणसाला छळतो.

छळतच होता तो. चौकोनी ठोकळ्यांची माणसं, पिपाणीसारखं संगीत, आणि दया म्हणून कुठं नाही. वाटेत मेलं की मागच्या गावच्या धर्मशाळेतून पुन्हा सुरुवात, मधली सगळी कमाई पाण्यात. तिसऱ्या गडाच्या दलदलीत मानसिंग नऊ दिवस बुडत होता. दुसरा कुणी असता तर रिमोट भिंतीवर हाणला असता. मानसिंगनं वही घेतली. कुठल्या वळणावर कोण येतं, कुणाला कुठला वार लागतो, सगळं डाव्या हातानं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहून काढलं. दुपारचं जेवण झालं की चार वाजेपर्यंत मोहीम. फाल्गुनापर्यंत हाताची तीन बोटं कामाला लागली आणि मानसी सहा गड मारून सातव्याच्या दरवाज्यात जाऊन उभी राहिली.

दरवाज्यात रायगो होता.

ही कुस्ती बघायला क्रांती मुद्दाम लवकर घरी आली. मानसिंगनं रायगोला अर्ध्या तासात घोळसला. त्याची ताकद शून्यावर आली, तो उताणा पडला आणि लुकलुकू लागला. मानसिंगनं रिमोट खाली ठेवला. पडद्यावर दहा आकडे मोजले गेले, रायगो उठला, आणि त्यानं नि:शस्त्र उभ्या मानसीला एका वारात धर्मशाळेत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर रोज दुपारी मानसिंग जिंकत होता आणि रोज दुपारी हरत होता. क्रांतीला आधी वाटलं, हात थकत असेल. मग तिच्या ध्यानात आलं की रायगो पडला की मामा स्वतःहून रिमोट सोडतात.

"आवं मामा, त्यो पडला की आणिक एकदा हाणायचं असतंय. न्हाईतर त्यो उठतोय."

"पडल्यावर कसं हाणायचं?" मानसिंग म्हणाला. "पाठ टेकली की कुस्ती संपली."

क्रांती हसली. तिला ते गोड वाटलं. तालमीत वाढलेला माणूस, टीव्हीवरच्या ठोकळ्यांनाही आखाड्याचा नियम लावतोय, हे तिनं त्या रात्री यशराजला फोनवर रंगवून सांगितलं. तिला हे माहीत नव्हतं की तो नियम मानसिंगनं उभ्या आयुष्यात एकदाच मोडला होता.

रायगोंडा पाटील सांगलीकडचा. जैनाचं पोर, घरात मांसमच्छी वर्ज्य, दूध-बदामावर पोसलेलं अंग, पण अंगात वीज. मानसिंगपेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्यानं मानसिंगला लागोपाठ दोन जत्रांत आस्मान दाखवलं होतं, आणि दोन्ही वेळा वर हात देऊन उठवलं होतं, पाठीवरची माती झाडली होती. एकोणीस वर्षांच्या मानसिंगला त्या झाडण्याचाच जास्त राग होता. तिसरी कुस्ती कुंडलच्या अलीकडच्या एका गावच्या जत्रेत लागली. विसाव्या मिनिटाला मानसिंगनं त्याला चीत केलं. पाठ टेकली, पंचांचा हात वर गेला, हलगी कडाडली, लोक आखाड्यात घुसले. त्या गलक्यात, खाली चीत पडलेल्या रायगोंडाचा हात मानसिंगच्या पकडीत होता. तो सोडायचा होता. त्यानं तो पिळला. खांद्यातून आवाज आला, तो त्या गर्दीत दोघांनाच ऐकू आला. मग लोकांनी मानसिंगला खांद्यावर घेतला, फेटा बांधला, आणि त्यानं वरून एकदाच मागं पाहिलं.

रायगोंडा परत आखाड्यात उतरला नाही. मानसिंग त्याच महिन्यात भरती झाला. लांब गेलं की वाईट गोष्टी आपोआप जुन्या होतात असं त्याला वाटलं होतं. एक्केचाळीस वर्षांत त्यानं हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? माणूस जिंकलेल्या कुस्तीबद्दल रडत बसतो का?

रविवारी यशराजला सुट्टी होती. तो व्हिडिओवर आला, क्रांतीनं फोन टीव्हीपुढच्या स्टुलावर उभा केला, अंबूबाईसुद्धा मोडायला घेतलेल्या वालाच्या शेंगा घेऊन बाहेर येऊन बसल्या. रायगो पडला. आकडे सुरू झाले. दहा, नऊ, आठ. "आबा, हाणा," पंजाबातून यशराज म्हणाला. सात, सहा. माझं सगळं बालपण त्यात गेलंय आबा, एवढं एक बटण दाबा, असं तो काकुळतीला येऊन सांगू लागला. क्रांतीही म्हणाली, खेळच हाय मामा. चार. तीन.

मानसिंगनं बटण दाबलं.

पिपाण्या वाजल्या. गडावर सात दिवे लागले. ठोकळ्यांची माणसं चारी बाजूंनी धावत आली, त्यांनी मानसीला उचलून खांद्यावर घेतलं आणि राजवाड्याकडं चालू लागली. यशराज तिकडं बराकीत नाचत होता. मानसिंग पडद्याच्या कोपऱ्याकडं बघत होता. खेळ बनवणाऱ्यांकडून रायगोला पुसायचं राहून गेलं होतं. तो तिथंच, जसा पडला तसा उताणा होता, आणि त्याच्या अंगावरून माणसं जात होती.

संध्याकाळी मानसिंग जेवला नाही. अंबूबाईंना वाटलं, जिंकल्याचा आनंद झेपला नसेल. दुसऱ्या दिवशी दुपारी तो टीव्हीपुढं बसला नाही. धुतलेला शर्ट घालून सोप्यात बसला आणि क्रांतीला म्हणाला, मला सांगलीकडं घेऊन चल. वाटेत इस्लामपूर मागं पडलं तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. क्रांती गाडी चालवत होती, त्यामुळं त्याला तिच्याकडं बघावं लागलं नाही, हे बरं झालं. तिनं एवढंच विचारलं, की ते आता घरात घेतील का तुम्हाला. मानसिंग म्हणाला, न्हाई घेतलं तर दारात बोलीन.

घर सापडायला वेळ लागला नाही. रायगोंडाच्या गावच्या चौकात विचारलं तर एक पोरगा म्हणाला, कच्च्या खांद्याचा रायगोंडा व्हय, देवळाच्या मागं. मानसिंगनं ते ऐकलं आणि गाडीत बसताना त्याला दार लावायचं सुचलं नाही.

दिवस कलला होता. त्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत, म्हणून रायगोंडा भुईवर पाटावर बसला होता आणि त्याची बायको गुणमाला भाकरी वाढत होती. त्याचे केस पांढरे, अंग उतरलेलं. डाव्या हातानं जेवत होता. दारात उभ्या माणसाकडं त्यानं घटकाभर पाहिलं.

"मानसिंग," तो म्हणाला. "बस. जेव."

गुणमालानं लगोलग दोन ताटं मांडली. पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही, आणि दिवसही कुणासाठी थांबत नाही. पण मानसिंग बसला नाही.

"पाठ टेकल्यावर मी तुझा हात पिळला," तो म्हणाला. "पंचांनी बघितलं न्हाई. चुकून न्हाई झालं. मी पिळला."

गुणमालाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. लग्न झाल्यापासून ती ऐकत आली होती की तिच्या नवऱ्याचा खांदाच कच्चा, म्हणून कुस्ती सुटली, म्हणून सासऱ्यानं त्याला दहा वर्षं नीट हाक मारली नाही.

"तुमी कधी बोलला न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली.

"हरलेल्यानं काय बोलायचं? लोक म्हणतील, हरला म्हणून कारणं सांगतोय." रायगोंडानं ताट हळूच बाजूला सारलं. तो मानसिंगकडं वळला. "मला वाटलं हुतं, तू सांगशील. वरीसभर वाट बघितली. दोन वरीस बघितली. मग म्हणलं, पलटणीत मेला आसंल."

मानसिंगला वाटलं होतं, तो शिव्या देईल. शिव्यांची त्यानं तयारी केली होती. याची केली नव्हती. त्याचे डोळे भरले आणि ते लपवायला त्यानं हात वर नेला नाही.

रायगोंडानं आतल्या खोलीकडं हाक मारली. त्याचा मुलगा भरतेश बाहेर आला, चाळिशीचा, ट्रॅक्टरच्या तेलाचे हात पुसत. लहानपणापासून बापाच्या खांद्यावरून चिडवून घेतलेला माणूस. त्यानं पाहुण्यांकडं बघितलं, आईकडं बघितलं.

"आता परत सांग," रायगोंडा म्हणाला. "पोराला ऐकू दे."

मानसिंग ताठ उभा राहिला, पंचांपुढं राहतात तसा. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, जत्रा सांगितली. मग सगळं सांगितलं, काही न गाळता. तुझ्या बापानं मला दोनदा पाडून दोनदा उठवलं, हेही सांगितलं. खांदा कच्चा नव्हता, माझी नियत कच्ची होती, असं म्हणताना त्याचा आवाज फुटला, म्हणून ते वाक्य त्यानं पुन्हा म्हटलं. भरतेश ऐकत राहिला. मग तो बापाच्या जवळ जाऊन खाली बसला.

क्रांती उंबऱ्याशी उभी होती, तिला आत यावं की बाहेर जावं कळत नव्हतं.

रायगोंडानं डावा हात भुईवर टेकला. उठायला भरतेश आधार देऊ लागला, तो त्यानं नको म्हटला. आखडलेला उजवा हात जेवढा वर येत होता तेवढा त्यानं वर केला, मानसिंगच्या दिशेनं.

"आता उठव मला," तो म्हणाला.

मानसिंगनं वाकून दोन्ही हात दिले.