गुळवेलीचा गुण

सप्तापुरात राहणाऱ्या प्राध्यापक सुमंतच्या रक्ततपासणीत लिव्हरचा एक आकडा जरासा वर निघाला. एसजीपीटी अठ्ठावन्न, हवा होता चाळीसच्या आत. झालं! थोरले बंधू यशवंतअण्णा रायापूरहून स्कूटर हाणत हजर. जन्मभर कोर्टात वकिली केलेली, तेव्हा लिव्हरमधलं त्यांना कळणारच की! आत कावीळ दडलीय असा निकाल देऊन त्यांनी आपल्या अंगणातल्या अमृतबळ्ळीचा, म्हणजे गुळवेलीचा, काढा सुरू केला. दर रविवारी बाटली भरून आणायचे.

पुढच्या तपासणीत आकडा शंभरावर गेला. रोग बाहेर पडतोय, म्हणाले अण्णा, आणि मात्रा वाढवली.

सुमंतची बायको मधुवंती हिचं डोकंच फिरलं. तिने नवऱ्याला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. आकडा थोडा वाढला म्हणजे लिव्हर गेलं असं नव्हे. दारू, चरबी, गोळ्या, काढे, कशानेही वाढतो. पण गुळवेल काहींच्या लिव्हरला बाधते; ती आजच बंद करा, दीड महिन्याने पुन्हा तपासू.

सुमंतने शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी येऊन बाटली उघडली. अण्णाला नाही कसं म्हणायचं म्हणे! वर्गभर पोरांना दरडावणारा हा गडी भावापुढे शेपूट घालतो. लिव्हर सडलं तरी चालेल, अण्णाला वाईट वाटता कामा नये. मधुवंतीला त्याची कीवही आली नाही, नुसता संताप आला. तिने काढा मोरीत ओतला आणि बाटलीत मेथ्या उकळलेलं पाणी भरलं. दर रविवारी तेच. नवरा तेवढंच वाकडं तोंड करून ते पीत राहिला.

दीड महिन्याने आकडा चौतीस आला. सुमंतने रिपोर्ट आधी अण्णांच्या हातात दिला.

"तुझ्या काढ्याचाच गुण, अण्णा."

अण्णा फुलले. आता काढा जन्मभर चालू ठेवायचा, म्हणाले. मग मात्र मधुवंतीने सगळं सांगून टाकलं: मोरी, मेथ्या, डॉक्टर. सुमंत चपापून जमिनीकडे बघू लागला. अण्णांनी रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला.

"तरीच एवढे दिवस लागले," ते म्हणाले. "माझा काढा पोटात गेला असता तर आठवड्यात आकडा उतरला असता."

त्यांनी पिशवीतून नवी बाटली काढली. मधुवंती नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे, आणि पेला पुढे केला.

"थोडाच घाल, अण्णा," तो म्हणाला.