हिरव्या टोपणाची नळी

तिने नळी उजेडाकडे धरली, टोपणाचा रंग पुन्हा पाहिला आणि चिठ्ठीवरचा आकडा मोठ्याने वाचला. टोपण हिरवंच होतं. म्हणजे रक्त निरोगी माणसाचं. मग पडद्यावर हे असं का?

प्रयोगशाळेत टोपणं दोनच रंगांची. लाल शेजारच्या इस्पितळातल्या रुग्णांची, हिरवं मामांचं. मामा इथले जुने तंत्रज्ञ. रुग्णांच्या टी पेशी किती दमल्या हे ओळखायचं, तर मापाला धडधाकट माणसाच्या पेशी लागतात. म्हणून अकरा वर्षं दर महिन्याला मामा बाही सारून हात पुढे करत आले होते. अंगात गस्त घालणाऱ्या या पेशी दुखण्याशी झुंजून झुंजून थकल्या, की पडद्यावर त्यांचे ठिपके वर सरकतात. मामांचे ठिपके कायम तळाशी, उन्हात पहुडलेल्या मांजरांसारखे निवांत.

आज ते वर चढले होते.

"मामा, नळ्यांची अदलाबदल झालीय तुमच्याकडून."

"माझ्या चुका घरी होतात," मामांनी चष्मा कपाळावर सारला. "मामीला विचार. इथे नाही होत."

"मग रंग बिघडला असेल."

"नवी बाटली फोड की."

तिने पेशींना लावायच्या रंगाची नवी बाटली फोडली, यंत्र धुतलं आणि ती मामांचं रक्त पुन्हा काढायला बसली. दंडाला रबरी पट्टा आवळताना तो नेहमीपेक्षा एक वेढा जास्त बसला. तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"हळू. सुई टोचतेयस का खिळा ठोकतेयस?"

"बोलू नका, शीर हलते."

दुपारी ठिपके पुन्हा तिथेच, वर. तेव्हा तिने स्वतःचा हात पुढे केला. मामांनी एका टोच्यात नळी भरून दिली. तिचे ठिपके तळाशी जाऊन गपगार बसले. रंग ठीक होता. यंत्रही ठीक होतं.

ती पडद्यासमोर बसून राहिली. यंत्र दुखण्याचं नाव सांगत नाही, एवढंच सांगतं की आत कुणीतरी फार दिवस लढतंय. हे ठिपके वाचायला तिला मामांनीच शिकवलं होतं.

"मामा, संध्याकाळी कणकण वगैरे असते का?"

"दोन महिने झाले." मामा टेबल पुसत होते. पुसलेलं पुन्हा पुसत होते.

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो की. सकाळी नळी दिली ना तुझ्या हातात."

मामांनी फडकं घडी घालून ठेवलं.

"लिफ्टवाल्याला सांगून ठेवलंय. पुढच्या महिन्यापासून हिरवं टोपण त्याचं. सुईला घाबरतो बापडा, बोलता बोलता टोच."

"उद्या आठ वाजता इस्पितळात जायचं. मी येतेय."

"तुझं काम?"

"राहील पडून."

मामांनी खणातून एक रिकामी नळी काढली. चिठ्ठीवर उद्याची तारीख घातली, खाली आपला आकडा लिहिला, लाल टोपण अंगठ्याने दाबून बसवलं आणि रुग्णांच्या रांगेतल्या मोकळ्या खाचेत ती उभी केली.

"अक्षर नीट लागतंय का बघ," ते म्हणाले.

तिने नळी उचलली आणि उजेडाकडे धरली.